काळी दोनचा आवाज

श्री
तंजावूर, ३ जानेवारी १९९४

चि. रमण यास आजीचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं टेपचं मशीन आणि तो जड लोखंडी डबा मठातल्या वेंकटरावांनी मद्रासहून मांडीवर घेऊन आणला. मशीन लावल्यावर धूर निघाला नाही, ही तुझ्या शिक्षणाची कृपा. तुझे आजोबा औषधपाण्याला तुझ्याकडे अमेरिकेला गेले. परत आली ती राख, आणि आता दोन वर्षांनी हे तू तिथे टेप केलेलं कीर्तन.

पण रमण, हा आवाज ह्यांचा नाही. कुणी घोगरा माणूस रेड्यासारखा ओढत बोलतोय. दिंडीचं पद म्हणतो तेही पोटभर जेवून पेंगल्यासारखं.

यंदा रामनवमीला मठात ह्यांच्या जागी तुझ्याहूनही लहान असलेला माझा पुतण्या वादिराज उभा राहणार. दुसरं कोण उरलंय? तो वाढला मद्रासला, ह्यांना कीर्तनात कधी ऐकलेलं नाही. रोज मशीनपुढे बसून जसंच्या तसं पाठ करतो. हे असं पाठ झालं तर ह्यांचं कीर्तन गेलंच म्हणून समज. काय बिघडलंय ते लवकर कळव.

इकडे सगळे खुशाल, म्हणजे केबल टीव्ही बघत बसलेत. नातसून अखिलाला आशीर्वाद.

तुझी आजी


न्यू जर्सी, २६ जानेवारी १९९४

ती. आजीस रमणचा शि. सा. नमस्कार.

रेड्याचं वाचून अखिला अजून हसते आहे. अगं, तुमच्याकडे करंट दोनशे तीस व्होल्टचा, इथे एकशे दहाचा. तो डबा तेवढा फरक मिटवतो. दोन राज्यांच्या वीजजाळ्यांचा करंट एकमेकांना जुळवून देणं हेच माझं रोजचं काम. घरच्या एका मशीनला चुकेन का? आजोबा आजारी होते, आवाज बसला होता. आणि तुझे कानही आता सत्तरीचे झाले ना!

वादिराजला सांग, मशीन अगदी बरोबर आहे, खुशाल शीक. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा रमण


तंजावूर, १७ फेब्रुवारी १९९४

चि. रमण यास आशीर्वाद.

माझे कान सत्तरीचे, मान्य. म्हणून बाजाची पेटी काढून बसले. हे जन्मभर काळी दोनला गायले. घरच्या तालमीला झांज मीच धरत होते. तुझं मशीन तीन पट्ट्या खाली, पांढरी एकला घरघरतं. आजाराने गळा बसतो, तेही मान्य. मग मागचा मृदंगही आजारी होता का? तोही तेवढाच उतरलाय. आणि मध्येच तू म्हणतोस, आजोबा पाणी घ्या. तेसुद्धा रेड्याच्याच गळ्याने. तू असा कधी बोलत होतास रे?

वादिराजने तुझं पत्र मठात सगळ्यांना वाचून दाखवलं. आता मी काही बोलले की म्हणतो, काकू, रमणअण्णा इंजिनियर आहेत. आता खरं काय ते तूच सांग.

आजी


न्यू जर्सी, १२ मार्च १९९४

ती. आजीस सा. नमस्कार.

तू बरोबर, मी गाढव. करंट एका दिशेने वाहत नाही, पुढे-मागे हेलकावतो. इथे सेकंदाला साठ वेळा, तुमच्याकडे पन्नास. डबा करंटचा जोर कमी करतो, हेलकावे तेवढेच राहतात. त्या मशीनची मोटर हेलकाव्यांच्या तालावर फिरते, म्हणून ती तिकडे हळू फिरते आणि आवाजही खाली उतरतो. माझ्या कामावर आम्ही एका बाजूचे हेलकावे मोडून करंट सरळ करतो आणि दुसऱ्या बाजूच्या मोजणीने पुन्हा हेलकावायला लावतो. त्या यंत्राला देवळाएवढी इमारत लागते. रोज तेच करणारा मी, घरी फक्त व्होल्ट पाहिले.

माझ्याजवळच्या दुसऱ्या प्रतीवरून कॅसेट केली आहे, पोस्टाने पाठवतो. ती सेलच्या प्लेयरवर लाव. त्याला हे हेलकावे लागत नाहीत. तोवर वादिराजला थांबव, हे पत्र दाखव.

तुझा रमण


तंजावूर, २ मे १९९४

चि. रमण यास आशीर्वाद.

पत्र दाखवलं. वादिराज म्हणाला, रमणअण्णांनी म्हातारीचं मन राखायला लिहिलं असेल. रामनवमीला तो उभा राहिला आणि पेंगत, ओढत, घरघरत कीर्तन केलं. लोक रडले. वेंकटराव तीस वर्षं पुढच्या ओळीत विडा चघळत ह्यांना ऐकत होते. तेही डोळे पुसून म्हणाले, साक्षात तेच उभे राहिले.

कॅसेट त्यानंतर आली. मी ती मठात नेली, म्हटलं, आता ऐका. नवे सेल घातले. हे काळी दोनला उभे राहिले, दिंडी अशी पळाली की माझा हात गुडघ्यावर ठेका धरू लागला. पोरं खिदळली. वेंकटराव म्हणाले, प्लेयर जोरात पळतोय. वादिराजने नवे सेल काढून टॉर्चमधले झिजलेले घातले. आवाज हळूहळू खाली बसला, ओढू लागला, घोगरा झाला. तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणाले, आता बरोबर लागलं.

मी उठून घरी आले. पुन्हा काही पाठवू नकोस. तुझा लोभ तिकडेच राहू दे. इथवर येईतो त्याचं काय होतं ते पाहिलं.

आजी