मीनाचा पसरलेला पदर

वडीगोद्री, मंगळवार, जानेवारी १९९४

आधी आली ती विहीण सलमा, मागून तिची सून, माझी नात मीना. मीनानं सलमाच्या लेकाशी जालन्याच्या कचेरीत धर्म न बदलता लग्न केलं, त्यानंतर आजच आल्ती. मी इतकी हरखले की चहात दोनदा साखर पडली.

निघताना मीनानं ओटीसाठी पदर पसरला. मी नारळ उचलला अन् हात थांबला. सप्तपदी न्हाई, निकाह न्हाई, मंग सवाष्ण म्हणावं का?

सलमा म्हणाली, "आजी, मौलवीसाब बी म्हणतात, कलमा पढल्याबिगर निकाह न्हाई. सरकार म्हणतं लग्न बराबर हाय. मी तर सून मानली. तुमची तर नात हाय!"

तोवर मीनानं पदर आवरला होता.

नारळ देवापुढं ठेवलाय, पण डोळ्यापुढचा तो पदर हलंना. शुक्रवारची नमाज झाली की परत येतो म्हणाल्यात दोघी; ओटी भरायची का, ते तवर ठरवायचं.