वाचला असे समजून

भंडारा,
९ फेब्रुवारी १९७९

प्रिय गोपीचंद,

नमस्कार. वहिनींचा गुडघा आता बरा असेल. इकडे सगळे ठीक. आपल्या आंतरराष्ट्रीय कायदा परिषदेचा वार्षिक वृत्तांत तू चिटणीस म्हणून पाठवलास, तो काल पोचला. छपाई सुरेख आहे. तेवढी तारीफ आधीच करून टाकतो, कारण पुढे तुझ्याबद्दल चांगले लिहिणे मला जमणार नाही.

समुद्राच्या तळावर हक्क कोणाचा, यावर नऊ पाने. भोजनसमारंभाचे दोन फोटो. आणि नागरिकत्व नसलेल्यांसाठीच्या माझ्या समितीला एक ओळ: 'अहवाल वाचला असे समजून दाखल करण्यात आला.' सलग तिसरे वर्ष! अरे, आपली परिषद वर्षभर करते तरी काय? उन्हाळ्यात प्रकरणे मागवते, पावसाळ्यात अहवाल मागवते आणि डिसेंबरात नागपूरला जेवते.

तेजराम कोण, हे तुला ठाऊक नसेल. अहवाल वाचला असतास तर ठाऊक असते. पवनीच्या सुंदरबाईंचा मुलगा. बाप बाईंना घेऊन रंगूनला धानाच्या गिरणीत कामाला गेला आणि तिथेच वारला. चौसष्ट साली आपल्या लोकांना तिथून निघावे लागले, तेव्हा बाईंना जहाजावर घेतले, तिथे जन्मलेल्या तेजरामला नाही. इकडचे म्हणाले तो तिकडचा, तिकडचे म्हणाले तो इकडचा. पंधरा वर्षे तो तिथल्या बंदरावर हमाली करतो आहे. एकट्या वकिलाच्या अर्जाने भागत नाही, एखाद्या मान्य संस्थेची शिफारस आणा, असे मला दिल्लीहून कळवले होते. परिषदेने एक ठराव करायचा होता. एवढेच.

दरवर्षी तोच अहवाल टपालात टाकण्याआधी मी तो बाईंना वाचून दाखवतो. पाच पाने. त्या ओट्यावर बसून ऐकतात, गावाचे नाव चुकले तर मला थांबवतात. अधिवेशनानंतर, वृत्तांत यायच्या सुमारास, एसटीने विचारायला येतात. आज सकाळी आल्या.

"काय म्हनले जी वकीलसाहेब, मोठे लोकं? आयकलं का माह्या तेजरामचं?"

मी वृत्तांताची पाने चाळू लागलो.

"मांगल्या सालीबी तुम्ही ठराव झाला म्हनलं. मंग कागद काहून येऊन नाही राहिला?"

हो, म्हटले होते. त्याच्या आदल्या वर्षीही म्हटले होते. दोन्ही वेळा खोटे बोललो.

गोपीचंद, तुला शिव्या घालायलाच बसलो होतो. पण वृत्तांतातल्या त्या ओळीखाली बारीक टाइपात दोन नावे आहेत. सूचक तू. अनुमोदक मी. अधिवेशनात दुपारचा दीड वाजला होता, जेवणाची पाने वाढली होती, सगळे घड्याळाकडे पाहत होते. "केशवराव, आपलं अनुमोदन?" असे तू विचारलेस आणि मी हात वर केला. स्वतःच्याच अहवालावर! तिन्ही वर्षे! एवढ्या मोठ्या वकिलांत भंडाऱ्याचा माणूस अडून बसला असे दिसू नये म्हणून. लाज वाटते मला, आणि तुलाही वाटावी अशी माझी इच्छा आहे.

आज बाईंना ती ओळ वाचून दाखवली. अर्थ सांगितला. हात कोणी वर केला तेही सांगितले. त्यांनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "तुम्ही वाचाले लाजता, त मी सांगीन. मले पाठ हाये."

आणि उभ्या राहून पहिल्या ओळीपासून म्हणू लागल्या. कलमांच्या आकड्यांसकट. मी प्रत हातात धरून तपासत होतो. अक्षर ओळखत नाही ती बाई, पण एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

वर्षाचे काम ठरवायला कार्यकारिणी चार मार्चला बसते ना? वरठी स्टेशनाहून सकाळची गाडी धरून मी बाईंना घेऊन येतो आहे. आमची समिती सगळ्यांत आधी घे. पाच पाने म्हणायला त्यांना अर्धा तास लागतो. मध्ये कोणी जेवणाचे नाव काढले, तर तो वाद मीच घालीन. आणि तुला तेच जुने वाक्य म्हणायचे असेल, तर बाईंकडे पाहून म्हण. हात वर करायला दुसरा माणूस शोधून ठेव.

वहिनींना नमस्कार. हे पत्र तरी शेवटपर्यंत वाच.

तुझा तीन वर्षांचा अनुमोदक,
केशव