साध्याच्या भावात एचडी

सूनबाई,

तुझ्या सासूबाईंना घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात जातोय. वाट बघू नकोस, जेवून घे.

डिशच्या कंपनीने जुन्या ग्राहकांना एचडी साध्याच्या भावात द्यायला काढलं, म्हणून गेल्या आठवड्यात मी हौसेने नवा बॉक्स बसवून घेतला. म्हटलं, चित्र स्वच्छ आलं तर हिला निदान चेहरे तरी ओळखू येतील. डॉक्टरांनी मागेच हात टेकलेत, पण त्यांना या योजनेची माहिती नसावी.

ही आठवडाभर खूश होती. "अहो, बातम्यावाल्याच्या मिशीतला केस न् केस मोजता येतोय!" मीही मान डोलावली, कारण बॉक्स मीच आणला होता.

आज सकाळी कंपनीतल्या मुलीचा फोन आला. "काका, तुमचं एचडी चालू करायचं राहूनच गेलंय. अजून जुनंच चित्र येतंय."

मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि हिला विचारलं, "आता कोण आहे गं?"

"मिशीवालाच की! परीक्षा कसली घेताय?"

पडद्यावर साबणाची जाहिरात चालली होती.

दवाखान्यात नवं काही सांगतील असं वाटत नाही. चार वाजता कंपनीचा माणूस एचडी चालू करायला येईल, करू दे. घरी आल्यावर ही म्हणेल, "आज तर आणखीनच स्वच्छ दिसतंय." तू हो म्हण.

चिरंजीवांना यातलं काही सांगू नकोस. माझ्यावरच गेलाय तो, आणखी मोठा टीव्ही घेऊन येईल.

बाबा