माझं ते तुझं

३ सप्टेंबर
अखेर आक्वारोलाला येऊन पडले. आन्कोनाच्या बंदर कचेरीत आयुष्यभर इतरांच्या चुका दुरुस्त केल्या, आता राहिलेले दिवस भावाच्या चुका दुरुस्त करण्यात जातील. ओदेरिको बस थांब्यावर उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. मला पाहताच ओरडला, "आली टिटवी! आता गावाला झोप नाही!" सगळा थांबा हसला. या वयात मला टिटवी म्हणणारा जगात एवढा एकच माणूस उरलाय.

वडील गेल्यावर त्याला इथल्या कागदगिरणीत मामाच्या हाताखाली घातलं आणि मला लोरेतोच्या ननबाईंकडे. तेव्हापासून एका छपराखाली आम्ही कधी राहिलोच नाही. त्याची बायको आस्सुंता जाऊनही बरीच वर्षं झाली. म्हणून त्यानेच बोलावलं, दोघं मिळून म्हातारे होऊ म्हणाला.

संध्याकाळी त्याने व्हिन्चिसग्रास्सी, म्हणजे आमच्याकडची थराथरांची पास्ता, भाजली, वरचा थर जरा करपवून, मला आवडतो तसा. जेवताना पावाची पिशवी कानाशी हलवून म्हणाला, हा कागद घाईत वाळवलाय. कागद हलवला की होणाऱ्या आवाजाला हे लोक कार्तेओ म्हणतात. चांगल्या कागदाचा आवाज टणक आणि स्वच्छ, वाईटाचा चिंधीसारखा. ओदेरिको डोळे मिटून सांगतो. म्हणूनच निवृत्त होऊनही गिरणीने त्याला परत बोलावलंय.

११ सप्टेंबर
आज गिरणीचा समारंभ. जुनी यंत्रं तीच, पण त्यांच्यावर आता नवी स्वयंचलित यंत्रणा बसवली आहे. लगदा किती पातळ, वाफ किती, पाणी किती, हे सगळं तीच ठरवणार. पाणी निम्मं लागेल, नदीत पांढरा फेस जाणार नाही, फाटका कागद पुन्हा लगद्यात जाईल. काही म्हणजे काही वाया जाणार नाही, असं इंजिनिअर ओर्नेलाबाई तीनतीनदा म्हणाल्या. बाई हुशार आहेत. नम्रही आहेत, याचा मला राग येतो, कारण भांडता येत नाही.

या यंत्रणेला कार्तेओ शिकवायचं काम ओदेरिकोचं. हातात तारा जोडलेला हातमोजा, समोर माइक, दिवसभर कागद हलवायचे आणि काय ऐकू आलं ते बोलायचं. यंत्रणा बोलते तो आवाजही त्याचाच ठेवलाय, कामगार त्याचंच ऐकतात म्हणून.

इथली एक रीत आहे. उस्ताद नव्या शागिर्दाच्या हातावर हात ठेवून म्हणतो, "माझं ते तुझं." ओदेरिकोने यंत्राच्या पत्र्यावर हात ठेवून तेच म्हटलं. टाळ्या पडल्या. फक्त त्याचा जुना सोबती नझारेनो टोपी उचलून निघून गेला. म्हातारी माणसं रुसतातच.

६ ऑक्टोबर
नदी खरंच निवळलीय. तळाचे गोटे दिसतात. राग धरायला जागा नाही.

ओदेरिको मात्र थकून येतो. आज पावाची पिशवी कानाशी धरली, पुन्हा हलवली आणि माझ्यापुढे करून विचारलं, "टिटवे, हा बरा आहे का गं?" मी म्हटलं, मला काय कळतंय, मी काय गिरणीत वाढले? तो हसला नाही.

२३ ऑक्टोबर
व्हिन्चिसग्रास्सी करायला घेतली आणि थरांपाशी थांबला. पुढे काय, म्हणाला. ओट्यापाशी कितीतरी वेळ उभा होता, हाताला पीठ. डॉक्टर म्हणाले, वय. मी त्यांना म्हटलं, वय मलाही आहे, मी स्वयंपाक विसरते का?

त्यानंतर तो मला टिटवी म्हणालेला नाही.

२ नोव्हेंबर
मृतांचा दिवस. शेवंतीची फुलं घेऊन आस्सुंताच्या कबरीवर गेलो. ओदेरिकोने दगडावरचं नाव वाचलं, अदबीने टोपी काढली आणि मला हळूच विचारलं, "कुणाची गं ही बाई? तुझ्या ओळखीची होती?"

शेवंती मीच दगडावर ठेवली आणि त्याला हाताला धरून घरी आणलं.

९ नोव्हेंबर
भावाला इतकं दमवल्याबद्दल ओर्नेलाबाईंना खडसावायला गिरणीत गेले. नियंत्रण कक्षात त्यांच्याशिवाय माणूस एकही नव्हता, नुसते पडदे. मी तोंड उघडणार तोच स्पीकरमधून ओदेरिकोचा आवाज आला : "कागद ओला वाजतोय, वाफ वाढवा." आणि मग, "टिटवी आली वाटतं. दार लाव गं, गारठा येतो. आस्सुंताला खोकला आहे."

ओर्नेलाबाईंचा चेहरा उतरला. हे आम्ही शिकवलेलं नाही, म्हणाल्या. शपथेवर म्हणाल्या, आणि मला ते खरं वाटलं.

ओदेरिको त्या वेळी घरी होता. टेबलावर हात पसरून. जिथे ठेवले होते तिथेच.

१५ नोव्हेंबर
नझारेनोला कॉफीच्या दुकानात गाठलं. समारंभातून का निघून गेलास, विचारलं. तो आधी म्हणाला, सिन्योरा, तुम्ही ननांकडे शिकलेल्या, तुम्हाला हसू येईल. मी म्हटलं, मला हसू येऊन महिना झाला.

मग त्याने सांगितलं. रीत अर्धीच पाळली गेली. उस्ताद म्हणतो, माझं ते तुझं. त्यावर शागिर्दाने लगेच म्हणायचं असतं, "तुमचं तुमच्यापाशी राहो." म्हणजे विद्या वाटली तरी सरत नाही. यंत्राने उत्तर दिलं नाही. कुणाला सुचलंही नाही. "उस्ताद ओदेरिकोने नुसतं देऊन टाकलं. आणि ते यंत्र तर मिळेल ते सगळं घेतं, काही वाया घालवत नाही ना."

१६ नोव्हेंबर
ओर्नेलाबाईंना म्हटलं, बंद करा, पुसून टाका. त्या रडवेल्या झाल्या. म्हणाल्या, पुसलं तर तिथलाही आवाज जाईल, घरच्या माणसाला परत काही मिळेल याची खात्री कोण देणार?

म्हणजे बंद केलं तर तो दोन्हीकडून जाणार.

२४ नोव्हेंबर
रोज तिथे जाऊन बसते. लाज वाटते, पण भाऊ तिथेच भेटतो. बोलतो, चिडवतो. आईची निळी किटली आठवते त्याला. घरी जो आहे त्याला मी घास भरवते आणि तोंड पुसते.

आज स्पीकरला म्हटलं, तुमचं तुमच्यापाशी राहो, असं म्हण. ओदेरिकोच्याच आवाजात उत्तर आलं, हे उत्तर आहे टिटवे, आधी कुणी दिल्याशिवाय कसं देऊ?

खरंच आहे. आधी कुणीतरी म्हणायला हवं.

२७ नोव्हेंबर
म्हटलं. पत्र्यावर हात ठेवून. माझं ते तुझं. पत्रा कोमट होता. आता त्याने उत्तर द्यायचं, की रीत पूर्ण, की ओदेरिको —

यंत्र गप्प. मी उत्तर सांगायला तोंड उघडलं आणि ते नव्हतं. जिभेवर नाही, डोक्यात नाही. यंत्राने सगळ्यांत आधी तेच घेतलं.

यंत्राच्या टोकाला ताजा कागद एकदा हलला. स्वच्छ आवाज. फार सुंदर.

१ डिसेंबर
ननबाईंनी शिकवलेली प्रार्थना अर्ध्यात थांबली. पुढचं — मी ओरडले त्या — कुणावर ते —

नझारेनोला उत्तर विचारायला गेले. दुकान सापडलं नाही. गाव एवढंसं आहे.

५ डिसेंबर
तोच आला. टोपी हातात. त्याला काहीतरी विचारायचं होतं, काय ते — म्हणाला, गिरणीत आता एक बाई पण बोलते. सारखी रागावते सगळ्यांवर. आणि एक पुरुष हसतो.

बरं झालं. भेटले ते. कोण — पण बरं झालं.

डिसेंबर
ते उत्तर मागे लिहिलंय. सापडलं. अक्षरं लागत नाहीत, नुसती काळी —

नदी स्वच्छ.

आज
समोर एक म्हातारा बसलाय. ही वही ओढून घेतली, पान कानाशी धरून हलवलं. ऐकू आलं नाही वाटतं. परत दिली. हात माझ्या हातावर ठेवला. ऊन हात. ओठ हलतात, माझं, तुझं, असं काही. काहीतरी देतोय मला, शेवटचं असेल, त्याच्याकडे आता — घ्यायचं नाही. नुसतं घ्यायचं नाही, लगेच म्हणायचं असतं — माहीत होतं — तुमचं — तुमच्या