धाकट्याच्या नावावर काही नाही

मी, खाली सही करणार आहे ती, धंद्याने सूत रंगवणारी, लग्न न केलेली, आईवडिलांची थोरली मुलगी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. ते जरा जास्तच ठिकाणावर असतं अशी घरच्यांची जुनी तक्रार आहे. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही असंही इथे नमूद करावं लागतं. माणसाचं दडपण नाही. आजाराचं आहे, आणि माझ्या धाकट्या भावाच्या हट्टाचं आहे. दोघांत जड कोण, ते मला सांगता येणार नाही.

आजार लघवीच्या पिशवीचा आहे. कर्करोग. हा शब्द लिहिताना हात अडतो, पण न बोलून आमच्याकडे जे व्हायचं ते होऊन बसलंय, म्हणून ठळक लिहिते. तो आता पिशवीच्या बाहेर गेलाय. माझ्यासाठी करण्यासारखं फारसं उरलेलं नाही, हे मला स्पष्ट सांगितलेलं आहे आणि मी ते समजून घेतलेलं आहे. समजून घेतलं म्हणजे पचलं असं नाही.

एक. राहतं घर, म्हणजे रस्त्याकडची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर आणि वरची पत्र्याची गच्ची, हे सर्व माझ्या भावजयीच्या एकटीच्या नावावर करावं. तिच्या नवऱ्याचं, म्हणजे माझ्या भावाचं नाव त्यात घालू नये. वकिलाने "दोघांच्या नावावर करा, बरं दिसतं" असा सल्ला दिला होता. बरं दिसायला मी काय लग्नाला निघालेय?

न्हाणीघरातल्या पांढऱ्या फरश्या मात्र भावजयीने बदलू नयेत. गुलाबी फुलांच्या फरश्या बसवायच्या म्हणून ती गेलं वर्षभर माझ्या मागे लागली होती. बाई गं, त्या पांढऱ्या होत्या म्हणून तुला दिसलं. एका सकाळी धाकटा न्हाणीघरातून बाहेर पडला आणि ती आत गेली, तर फरशीवर पातळ गुलाबी ओघळ. तिने त्याला हाक मारली.

"अहो, हे काय आहे?"

"रंग असेल. काल लालची खेप होती ना. पायाला लागून आला असेल."

"पाय तर तुम्ही काल रात्रीच धुतलेत."

"मग हाताला असेल. सकाळी सकाळी उलटतपासणी नको."

ती तशीच ओल्या पदराने माझ्या खोलीत आली. मी पलंगावर होते. तिने सांगितलं आणि मी ते तिला पुन्हा सांगायला लावलं. कारण हेच, अगदी याच शब्दांत, मी स्वतःला सांगत आले होते.

दोन. माझी बँकेतली ठेव आणि आईच्या बांगड्या भाचीला द्याव्यात. तिने हवं ते शिकावं. न शिकता नुसतं भटकायचं असेल तर भटकावं, आत्याची ना नाही. फक्त तिने आमच्या सूत रंगवायच्या कारखान्याच्या दारातून आत पाऊल टाकू नये. ती लहानपणी हौदाच्या कडेला बसून रंगीत बोटांनी बिस्किटं खायची, आणि आम्ही सगळे कौतुकाने हसायचो. ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

तीन. माझ्या चुलतभावाला, जो आम्हाला रंगाची भुकटी पुरवतो, रबरी हातमोज्यांचा एक जोड द्यावा. तो त्यानेच आणला होता आणि कारखान्याच्या दारामागे खिळ्याला टांगला होता, तपासनीस आला की दाखवायला. मी एकदा घालायला घेतला तर म्हणाला, "ठेव गं, खराब होईल." खराब झालेला नाही. भुकटीच्या पोत्यांवरची चिठ्ठी तो नेहमी फाडून आणायचा. मी विचारलं की म्हणायचा, "त्यावर काय, बारीक अक्षरात उगीच भीती घातलेली असते. कोणाला काही झालंय का आजवर?" आता झालंय. हा निरोप त्याला मोज्यांसोबत द्यावा. भेटायला येऊ नये. आलाच तर चहा द्यावा, पण माझ्या खोलीत सोडू नये.

चार. कारखान्याबद्दल. आधी तिथली रचना सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. पुढे तीन हौद, मध्ये सुताच्या लडी पिळायची जागा, मागे भिंतीला लागून मोरी. हौदाचं उरलेलं पाणी फरशीतल्या पन्हळीतून वाहत याच मोरीत जातं. आणि लघवीलाही आम्ही सगळे याच मोरीत जातो. वडिलांनी एक पन्हळ वाचवली होती. त्यामुळे ज्या रंगाची खेप, त्या रंगाची मोरी. निळ्याच्या दिवसांत निळी, हळदीच्या पिवळ्याच्या दिवसांत पिवळी. आमच्याकडे काम करणाऱ्या कोणालाही, बाई असो की बुवा, स्वतःच्या लघवीचा रंग माहीत नाही. यावर आमचे विनोद चालायचे. "आज कुठला रंग उतरला?" असं धाकटा मोरीतून बाहेर येणाऱ्याला विचारायचा आणि सगळा कारखाना खिदळायचा.

मला रक्त जायला लागलं तेव्हा लालचा हंगाम होता. मोरी लाल, माझे हात लाल, पायांची नखं लाल. जळजळ व्हायची, ती उन्हाळ्याची म्हणून मी ढीगभर पाणी प्यायले. एका परगावच्या लग्नात पांढऱ्या शौचकूपात पाहिलं, तेव्हा कळलं. रंगाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणाला असं होणार नाही. बाकीची माणसं लाल दिसलं की घाबरतात. आम्हाला लाल दिसलं की वाटतं, रंग चांगला चढलाय.

तरी माझ्या हातून कारखाना विकून टाका असं लिहवत नाही. तो भावजयीच्या नावावर करावा. मागची मोरी फोडून टाकावी. हौदाचं पाणी वेगळं न्यावं, आणि लघवीसाठी पांढऱ्या भांड्याची, दिवा असलेली वेगळी खोली बांधावी. हे झाल्याशिवाय एकाही हौदाखालची भट्टी पेटवू नये. मुकादमाने कुरकुर केली तर त्याला माझी शेवटच्या महिन्यातली अवस्था सांगावी. तपशीलवार सांगावी, गाळू नये.

माझे ढवळायचे लाकडी दांडे कोणालाही देऊ नयेत. ते रंग पिऊन पिऊन काळे झालेत. आठवण म्हणून भिंतीवर टांगायचा कोणाचा विचार असेल तर त्याने आपली भिंत शोधावी.

पाच. डॉक्टरीणबाईंना माझी लोकरीची निळी शाल मी माझ्या हाताने आधीच देऊन टाकलीय, या मृत्युपत्राने नाही. तो निळा मी पुन्हा साधू शकले नाही. त्यांनी मला जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते, कारण ज्याने ऐकायला हवं होतं तो तेव्हा बाहेर स्कूटर चालू ठेवून उभा होता.

पहिल्या वेळी त्यांनी लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून गाठ खरवडून काढली. मी म्हटलं, "गेली ना? मग झालं." त्या म्हणाल्या, "गाठ गेली. पण गाठीच्या भोवतालची जागा मला आवडलेली नाही."

"म्हणजे तिथेही गाठी आहेत?"

"नाहीत. वरून बघितलं तर बरीचशी चांगली दिसते. पण तुकडा तपासला, तर पेशी बदलायला लागल्यात. अजून कर्करोग नाही, पण त्या वाटेला लागलेल्या आहेत. अंगात गेलेली रंगाची भुकटी लघवीत उतरते. तुमच्या पिशवीचं अख्खं अस्तर इतकी वर्षं त्याच पाण्यात भिजलंय, ताई. गाठ एका ठिकाणी वर आली, एवढंच."

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला झोपू देत नाही. त्या म्हणाल्या, बिघडलेली पेशी एकटी असली तर पुष्कळदा काही करू शकत नाही. तिच्या आजूबाजूचं मांस, तिला धरून ठेवणारा शेजार निरोगी असला, तर तो तिला आवरून धरतो. पण तो शेजारही हळूहळू बिघडतो. सुजतो, आवरायचं सोडतो, उलट तिला खायला-प्यायला घालायला लागतो. मग तिला मोकळं रान मिळतं. म्हणून एक काढली की शेजारी दुसरी येते. ती जुनीच परत आली असं आपल्याला वाटतं, पण पुष्कळदा ती त्याच बिघडलेल्या जागेतली नवी असते.

"मग यावर उपाय?"

"बघत राहायचं. बदल झालेत पण गाठ खोल गेलेली नाही, या वेळात सापडलं तर पुष्कळ करता येतं. पिशवीत औषध सोडता येतं, खरवडता येतं. माणसं वर्षानुवर्षं चांगली जगतात. फक्त आलं पाहिजे."

मी दोनदा गेले. तिसऱ्या वेळी बरं वाटत होतं, आणि बरं वाटणाऱ्या बाईने दवाखान्यात कशाला जायचं? पुढचं वर लिहिलंच आहे.

सहा. माझा धाकटा भाऊ. त्याला या मृत्युपत्राने काहीही दिलेलं नाही. घर नाही, कारखाना नाही, ठेव नाही, माझं घड्याळसुद्धा नाही. ते भाचीला द्यावं. लोक म्हणतील, बहिणीने जाता जाता भावाच्या तोंडाला पानं पुसली. म्हणू देत. मी हे पूर्ण विचाराने केलेलं आहे आणि कारण खाली देत आहे.

लाल चढवण्यात त्याच्यासारखा हात कोणाचा नाही. मी ज्या हौदावर उभी राहिले, त्याच हौदावर तो समोरून उभा राहिला. तीच वाफ, तीच भुकटी, तीच मोरी. माझ्या आत जे भिजलं तेच त्याच्या आत भिजलंय, आणि आता त्यालाही रक्त जातंय. भावजयीने सांगितलं, मी सांगितलं, ओरडले, रडले, शिव्या दिल्या. उत्तर काय? "ताई, तुला झालं म्हणून मला होणार का? मी ठणठणीत आहे. दोन पोती एका दमात उचलतो." तपासणीचा विषय काढला की जेवता जेवता उठून जातो. मागे एकदा मी त्याचे पाय धरले. थोरल्या बहिणीने पाय धरले म्हणून तो इतका कानकोंडा झाला की तीन दिवस माझ्या खोलीत आला नाही. पण दवाखान्यातही गेला नाही.

मला भीती वाटते. मरणाची वाटते, खोटं कशाला लिहू. पण त्याहून जास्त, मी गेल्यावर हा त्या लाल मोरीकडे बघत "रंगच आहे" म्हणत बसेल, याची वाटते. मला ओरडायला घसाही उरणार नाही तेव्हा.

सात. साक्षीदारांविषयी. वकिलाने सांगितलं की ज्याला मृत्युपत्राने काही मिळतं, त्याला साक्षीदार करू नये. नाहीतर त्याच्या वाट्याचं रद्द होतं. ऐकलं आणि अंथरुणात उठून बसले. धाकट्या, तुला काही दिलं असतं तर तुला साक्षीला बोलावता आलं नसतं. म्हणून काही दिलं नाही.

तुझ्यासोबतच्या साक्षीदार डॉक्टरीणबाई. त्यांना दवाखाना सोडून यायला वेळ नाही असं मी तुला सांगितलं, म्हणून तू मला उचलून, जिन्याने, त्यांच्या तपासणीच्या खोलीत आणलंस. माझी नजर अधू झालीय, सही करण्याआधी सगळं मोठ्याने वाचून दाखव, असंही मीच सांगितलं. नजर चांगली आहे माझी. आत्ता तुझे कान लाल झालेले मला दिसताहेत.

वाच, थांबू नकोस.

साखर तपासायची म्हणून बायकोने परवा तुझ्याकडून लघवीची बाटली घेतली, ती साखरेसाठी नव्हती. ती इथे आली, आणि तीत निघालं ते रक्त आहे, रंग नाही. पडद्याच्या मागे टेबल तयार आहे. कापाकापी नाही, टाके नाहीत, बधिर करणारं औषध लावून बारीक दुर्बीण घालतात. मी गेलेय त्यातून, आणि मी तुझ्याहून भित्री आहे.

तू सही न करता उठून गेलास, तर हा कागद रद्दी आहे. मग मी मेल्यावर कायद्याने सगळं तुझ्याकडेच येईल. घे मग. बहिणीचं घर घे, बहिणीचा कारखाना घे आणि बहिणीचा आजारही घे. नाहीतर आधी पडद्यामागे जा आणि मग येऊन सही कर. आधी सही आणि मग बघू, हे चालणार नाही. तुझं मग बघू मला पुरतं माहीत आहे.

मी इथेच बसलेय. तुझी चप्पल मी माझ्या पायाखाली धरून ठेवलीय. जा रे बाळा.

ठिकाण: दवाखाना, तपासणीची खोली.
दिनांक: आजचा बुधवार, कारखान्याच्या सुट्टीचा. आकडा डॉक्टरीणबाईंनी घालावा.

मृत्युपत्र करणारी: थोरली बहीण, सूत रंगवणारी. साक्षीदारांच्या समोर सही करायची असते, म्हणून थांबले आहे.

साक्षीदार पहिली: डॉक्टर. सही बाकी, मी कामात आहे.

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ, रंगारी. सही बाकी. साक्षीदार पडद्यामागे टेबलावर झोपले आहेत आणि आतून बहिणीला शिव्या देत आहेत. — नर्स