त्र्याऐंशी ‘बघू’ आणि एक दार

३ फेब्रुवारी, सकाळी ६.०५
आजपासून रोज लिहायचं. ही वही खाजगी आहे, कोणी वाचू नये. तरी अक्षर सुवाच्य ठेवतो.

मुख्य बातमी. गावच्या हॉलच्या पुनर्विकास समितीचा अध्यक्ष म्हणून काल माझी एकमताने निवड झाली. दुसरं कोणी उभं नव्हतं. तसे खुर्च्या कमी असल्यामुळे सगळेच उभे होते, पण त्या अर्थाने कोणी नाही.

रिटायर होऊन आठ महिने झाले. सांख्यिकी खात्यात बत्तीस वर्षं फॉर्म बनवले. रोज कोणी ना कोणी सही मागायला टेबलाशी यायचं. आता सही फक्त कुरिअरवाला मागतो, तीसुद्धा बोटाने. हे बरं वाटत नाही, म्हणून एकदा लिहून ठेवलं. पुन्हा लिहिणार नाही.

५ फेब्रुवारी
हॉलची पाहणी केली. पत्रे गळके, फरशी उखडलेली. दार उघडण्याची गावाची पद्धत अशी: वर उचला, खांद्याने ढकला, शिवी द्या. शिवीशिवाय उघडत नाही, असं सुतार शपथेवर सांगतो. मी शिवी न देता प्रयत्न केला. पाऊण तास गेला. मग दिली.

निष्कर्ष: पाडून नवीन बांधणे.

८ फेब्रुवारी
जावई कॉम्प्युटरवर नकाशे काढतो. त्याला फोन केला. दोन मजले, बाल्कनी, चारशे खुर्च्या आणि वर घुमट. गावात माणसं तीनशे ऐंशी, पण वाढीला वाव हवा. जावई म्हणाला, घुमट कशाला? त्याला म्हटलं, लांबून दिसायला. त्याने ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. भारावला असावा.

कोनशिलेचा मजकूर तयार केला. माझं नाव एकदाच, पण ठळक.

जेवताना हिने विचारलं, पाडल्यावर दोन वर्षं माझा शिवणाचा क्लास कुठे भरवू? बारा बायका आहेत, सात मशिनं आहेत, गावात दुसरी एवढी जागा नाही. पाडू नका, नुसतं दार करून द्या. त्यातल्या चौघींचं घर त्या शिवणावर चालतं.

बघू म्हटलं.

१३ फेब्रुवारी
जिल्हा कार्यालयातल्या मॅडमचं पत्र आलं. गावकऱ्यांचं मत घेतल्याशिवाय मंजुरी मिळणार नाही. २१ एप्रिलला साडेचार वाजता त्या स्वतः येणार, हॉलमध्ये सभा घेणार, आणि काय करायचं ते तिथेच ठरणार.

लोकांना विचारायचं ठरलं तर ते शास्त्रशुद्ध विचारलं पाहिजे. फॉर्म मी बनवणार. वाघाला कोणी शिकार शिकवत नाही.

१७ फेब्रुवारी
फॉर्म झाला. प्रश्न एकच: ‘गावाची शान वाढवणारे भव्य सभागृह आपणांस हवे आहे काय?’ रकाने दोन: हो, नाही. शेवटी ‘इतर सूचना’, एक ओळ. जास्त जागा दिली की लोक लिहितात.

१८ फेब्रुवारी
सहा घरं झाली. अडचण अशी की लोक हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. चहा देतात, बसवतात आणि ‘बघू’ म्हणतात.

तिसरा रकाना आखला: बघू.

२६ फेब्रुवारी
सर्व्हे पूर्ण. घरं शहाण्णव. हो दोन, नाही अकरा, बघू त्र्याऐंशी.

म्हणजे विरोध जेमतेम साडेअकरा टक्के. इतक्या कमी विरोधात कुठलंच काम झालेलं मी बत्तीस वर्षांत पाहिलं नाही.

‘हो’ म्हणणारं एक घर होयबाचं. त्याला गाव होयबा म्हणतं, कारण तो कशालाच नाही म्हणत नाही. गेल्या वर्षी तो एकाच निवडणुकीत दोन्ही उमेदवारांचा पोलिंग एजंट होता. दुसरं घर आमचं. ही ‘बघू’ म्हणाली होती, पण कुटुंबप्रमुखाचं मत ग्राह्य धरलं.

‘इतर सूचना’मध्ये एकसष्ट घरांनी नुसतं ‘दार’ एवढंच लिहिलं आहे. कर्ता नाही, क्रियापद नाही. अपूर्ण नोंद म्हणून बाद केली.

२८ फेब्रुवारी
गुरुजी भेटले. शाळेतून रिटायर झाले तरी शिकवणं सोडत नाहीत. म्हणाले, साहेब, बघू याचा अर्थ तुम्हाला ठाऊक आहे ना? मी म्हटलं, मराठी माझी मातृभाषा आहे. बघू म्हणजे बघायची इच्छा आहे. लोकांना दाखवा, ते हो म्हणतील.

गुरुजी म्हणाले, उंटावरून शेळ्या हाकू नका. उत्तर नंतर घरी येताना सुचलं, फार चांगलं होतं.

निर्णय: सभेत हॉलचं मॉडेल ठेवायचं. त्र्याऐंशी घरांना बघायचं आहे, तर बघू देत.

९ मार्च
हॉलमध्ये माप घ्यायला गेलो. बाहेर पडताना दाराचं आतलं हँडल हातात आलं. सुतार समोरच होता, लगेच ठोकून देतो म्हणाला. नको म्हटलं. जे पाडायचंच आहे त्याला हँडल कशाला? इमारत मोडकळीला आल्याचा पुरावा म्हणून घरी आणलं. टेबलाच्या खणात ठेवलं, चिठ्ठी लावून.

१९ मार्च
ही घरी उशिरा आली. क्लासच्या बायका आत अडकल्या होत्या. आतून ओढायला दाराला हँडलच नव्हतं. दीड तासाने होयबा तिथून चालला होता, त्याने बाहेरून ढकललं. एकीचं तान्हं बाळ तेवढा वेळ घरी रडत होतं.

ही म्हणाली, उद्याच्या उद्या ते हँडल लावून द्या.

बघू म्हटलं. प्रस्ताव अशा टप्प्यावर असताना पुराव्याला हात लावता येत नाही.

४ एप्रिल
मॉडेलचं काम जोरात. थर्माकोलच्या भिंती, काड्यापेटीच्या काड्यांची बाल्कनी. घुमट काही जमेना. तीनदा कापला, तीनदा बुटका झाला. शेवटी स्वयंपाकघरातली स्टीलची वाटी पालथी घालून चिकटवली. चमकते फार सुरेख.

आधी कळस मग पाया, असं लोक हसून म्हणतात. कळस आधी ठरला की पाया केवढा हवा ते तरी कळतं.

६ एप्रिल
ही वाटी शोधते आहे. सहाचा सेट होता, माहेरचा. मला विचारलं, कुठे पाहिलीत का? बघतो म्हटलं. हे खोटं नाही. रोज बघतोच आहे.

२० एप्रिल
उद्या सभा. भाषण एकवीस पानी. मॉडेलवर पांढरी चादर. ‘बघू म्हणालात, बघा’ असं म्हणून चादर ओढायची. आरशासमोर पाच वेळा ओढली. एकदा चादरीबरोबर बाल्कनी आली. चिकटवली.

ही म्हणाली, माझ्या बायका सभेला येणार आहेत, त्यांचंही ऐकून घ्याल ना? शेवटी प्रश्नोत्तरांना चार मिनिटं ठेवली आहेत, तसं सांगितलं.

२१ एप्रिल, दुपारी ३.४०
हॉलमध्ये आलो आहे. मॉडेल दारासमोरच्या टेबलावर मांडलं. आत येणाऱ्याची पहिली नजर घुमटावर पडली पाहिजे. वेळेआधी कोणी डोकावू नये म्हणून दार बंद केलं आणि खाली सर्व्हेच्या शहाण्णव फॉर्मांचा गठ्ठा पाचरीसारखा ठोकला. जाड कागद आहे, मीच निवडला होता.

४.१०
गठ्ठा निघत नाही.

४.१८
गठ्ठा निघाला तरी दार ओढायला हँडल नाही, हे आत्ता लक्षात आलं. हँडल खणात आहे. चिठ्ठी लावून.

४.३०
लोक जमले. बाहेरून उचलणं, ढकलणं आणि शिव्या चालू आहेत. एक आवाज गुरुजींचा होता. शाळेत असं बोलत नसत.

आतून हाक मारावी का? नको. अध्यक्षाने मदतीसाठी ओरडणं बरं दिसत नाही. योग्य क्षणी प्रवेश करीन.

४.४५
सभा बाहेर अंगणातच सुरू झाली. वरच्या खिडकीतून सगळं ऐकू येतं. मॅडमनी अध्यक्ष कुठे आहेत विचारलं. ही म्हणाली, येतील, त्यांची तयारी कधीच पूर्ण होत नाही. लोक हसले. मॅडम म्हणाल्या, मग आपण सुरू करू.

माझ्याशिवाय सुरू करता येतं, हे मला माहीत नव्हतं.

५.०५
मॅडमनी एकेकाला उभं करून विचारलं, तुम्हाला काय हवं? फॉर्म नाही, रकाने नाहीत. अत्यंत ढिसाळ पद्धत. सुतार म्हणाला, दार. होयबा म्हणाला, दार. गुरुजी म्हणाले, दार आणि पत्रे. पुढचे अकरा जण दार म्हणाले. मोजत होतो, सवय आहे.

५.१५
ही बोलायला उभी राहिली. चार माणसांत बोलायची तिला सवय नाही, तरी बोलली. बारा बायकांचं सांगितलं, मशिनांचं सांगितलं, ते दीड तासाचं सांगितलं, रडणाऱ्या बाळाचं सांगितलं. हॉल पाडला तर क्लास मोडेल, आणि क्लास मोडला की चार घरं अडचणीत येतील, असं म्हणाली. नुसतं दार द्या, बाकी आमचं आम्ही शिवून घेऊ.

मॅडमनी विचारलं, हे अध्यक्षांना सांगितलं होतं का? तीन वेळा, ही म्हणाली. मग ते काय म्हणाले? बघू म्हणाले.

म्हणजे? मॅडमनी विचारलं.

ही म्हणाली, बघू म्हणजे नाही, मॅडम. पस्तीस वर्षांचा अनुभव आहे.

लोक खूप वेळ हसत होते. मी आत खुर्चीवर बसलो. भाषणाची एकवीस पानं मांडीवर होती, त्यातलं एकही वाचावंसं वाटलं नाही. पहिल्यांदाच वाटलं की आपण आत आहोत ते कोणाला कळू नये.

५.३५
पण लघवीला लागली. दारावर टकटक केलं. अगदी अधिकृत आवाजात, तीनदा.

बाहेरून ही म्हणाली, आत आहेत वाटतं.

संध्याकाळी ७.१५, घरी
सुताराने पहार आणली. मला लांब व्हायला सांगितलं. मी झालो, मॉडेल झालं नाही. चौकट वाळवीने पोखरलेली, पहिल्याच दणक्याला दार चौकटीसकट आत आलं आणि टेबलावर पडलं. दोन मजले, बाल्कनी आणि चारशे खुर्च्या एका क्षणात गेल्या. थर्माकोलचा भुगा सगळीकडे उडाला. मी चादर हातात धरून उभा होतो.

गाव दारातून बघत होतं. शेवटी बघितलं.

त्या भुग्यातून एकच वस्तू गरगरत बाहेर आली आणि हिच्या पायाशी थांबली. हिने वाकून उचलली, पदराने पुसली, म्हणाली, सापडली.

मॅडमनी जागेवरच मंजुरी दिली: नवीन दार, नवीन चौकट, पत्र्यांची दुरुस्ती. पाडकाम नाही. त्यांनी विचारलं, दर महिन्याला बिजागऱ्यांना तेल कोण घालेल? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, बघू.

मॅडमनी माझ्यासमोर वहीत ‘नाही’ असं लिहिलं.

२२ एप्रिल, सकाळी ६.०५
खणातून हँडल काढलं, चिठ्ठी सोडवली. सुताराकडे जाऊन नव्या दारासाठी दिलं. तो बरं म्हणाला. साहेब म्हणाला नाही.

तेलाची बाटली घेऊन ठेवली आहे. कोणाला सांगितलेलं नाही.

परत येऊन सर्व्हेचा निकाल दुरुस्त करायला बसलो. फॉर्म चिरडले आहेत, पण वाचता येतात. चूक झाली की ती दुरुस्त करून सही करायची, ही खात्याची शिस्त. बघू त्र्याऐंशी, ते सगळे ‘नाही’मध्ये घेतले. नाही चौऱ्याण्णव. हो दोन.

ही चहा घेऊन आली. वाचलं. आपल्या घराचा ‘हो’ कोणी लिहिला, असं विचारलं. मी पेन दिलं. तिने स्वतःच्या हाताने खोडलं. नाही पंच्याण्णव, हो एक.

मी म्हटलं, होयबाचं तेवढं एक तरी राहू दे.

ही म्हणाली, बघू.