सुहेलच्या लंगोटाची पिन

रत्नागिरी, शुक्रवार, १२ जानेवारी २००१

आज सुहेलला पिन टोचली. लंगोट लावून मी पाठ वळवली, तोच तो किंचाळला. साधी पिन, खाऱ्या हवेने गंजलेली, आपोआप उघडली होती. इवल्याशा मांडीवर रक्ताचा थेंब.

ह्यांनी कुवेतहून खास बाळाच्या पिना पाठवल्या होत्या. पिवळं टोपण सरकवलं की त्या उघडतच नाहीत. पण माझ्या नणंदेने, शबानाने, त्या ओढणीला लावायला उचलल्या आणि नाटे गावच्या एका लग्नात मिरवल्या. परत मागितल्या तर म्हणाली, "भाभी, पिनेसाठी काय जीव खातेस?" पिवळं टोपण तिच्या खांद्यावर, आणि माझ्या पोराच्या कमरेला गंजकी पिन!

दुपारी जुन्या परकराच्या नाड्या कापून सगळ्या लंगोटांना बंद शिवले. आता पिनच नको.

संध्याकाळी ह्यांचा फोन आला. सासूने आधी घेतला. "बायकोचं लक्ष नाय तुझ्या. पोराला पिन टोचलीन." मग रिसीव्हर माझ्या हातात. शबाना दारातच उभी.

"चांगल्या पिना पाठवल्या होत्या ना? मग टोचली कशी?"

काय सांगणार? ते येणार पुढच्या ईदला. तोवर ह्या दोघींबरोबर मलाच राहायचंय. म्हटलं, "माझ्याच हातून सुटली."

वाटलं, आवाजावरून ओळखतील. निदान एकदा तरी विचारतील, खरंच का गं?

"जरा लक्ष देत जा," म्हणाले.

किती पटकन खरं वाटलं त्यांना.